समजावून सांगायचं ते कुठवर?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा : ख्रिस्तावर विश्वास ठेवून तुम्हाला तीन वर्षं झाली. मोठ्या बहिणीला वाटतं, तुम्ही घराला परक्या झालात. कामाच्या ठिकाणी दोघीतिघींना वाटतं, तुम्ही स्वतःला फार पवित्र समजता. आणि ज्या मंडळीत, म्हणजे चर्चमधल्या विश्वासणाऱ्यांत, आधार मिळेल असं वाटलं होतं, तिथं तुम्ही प्रश्न विचारता म्हणून 'हिचा विश्वास डळमळलाय' अशी कुजबुज. आता बहिणीचा लांबलचक मेसेज आलाय. तुम्ही विचारता, "प्रत्येकाला समजावत बसू की गप्प राहू? गप्प राहिले तर त्यांचंच खरं ठरतं, बोलले की आणखी बिघडतं. अशात टिकायचं कसं?"

मंडळीचा पाळक म्हणून, म्हणजे धर्मगुरू म्हणून, २६ वर्षं काढली, त्यात हा प्रश्न मला नाना रूपांत भेटला. पण 'बोलू की गप्प राहू' हा मला त्यातला वरचा भाग वाटतो. तीन माणसांच्या मनात तुमची तीन चित्रं आहेत आणि ती तिन्ही पुसण्यात तुमची सगळी ताकद चाललीय. प्रार्थनेला बसले तरी मनात बहिणीशी वाद चालू असतो, हे तुम्हीच लिहिलंय. मला काळजी वाटते ती त्या वाक्याची. लोकांच्या गैरसमजामुळे विश्वास गेलेली माणसं मी फारशी पाहिली नाहीत. गैरसमज दूर करण्याच्या खटाटोपात विश्वास आटलेली मात्र बरीच पाहिलीत.

पुढं जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तुमची सगळी परिस्थिती मला ठाऊक नाही. घरात मारहाण, कोंडून ठेवणं, धमक्या, पैसे किंवा कागदपत्रं काढून घेणं असं काही चालू असेल, तर त्याला गैरसमज म्हणू नका. तिथं 'सहन करा, प्रार्थना करा' एवढंच सांगणारा पाळक चुकतो. आधी सुरक्षित जागा आणि विश्वासू माणूस, बाकी सगळं नंतर. बायबलमधल्या प्रेषित पौलाला दिमिष्क शहरात विरोधक मारायला टपले होते तेव्हा शिष्यांनी त्याला पाटीत बसवून तटावरून खाली सोडलं होतं, आणि तो निमूटपणे गेला. तुमच्या लिहिण्यावरून तुमच्याकडे तसं काही दिसत नाही, म्हणून पुढचं लिहितोय.

पहिलं काम असं की, सगळ्याला 'गैरसमज' हा एकच शब्द लावू नका. बहीण, सहकारी आणि मंडळी यांच्या तक्रारी वेगळ्या जातीच्या आहेत. कधी समोरच्याला खरोखर माहिती नसते. ती दिली की प्रश्न सुटतो. कधी त्याला नीट कळलेलं असतं, फक्त पटलेलं नसतं. तिथं तुम्ही दहा वेळा समजावलंत तरी तो न पटलेलाच राहणार, कारण समजण्यात चूक झालेलीच नाही. आपण मात्र 'त्याला कळतच नाही' म्हणत अकराव्यांदा सुरू करतो. मतभेदाला गैरसमज म्हणण्याची ही सवय आपल्या विश्वासणाऱ्यांत फार आहे. आणि कधी, हे ऐकायला जड जातं, समोरच्याचं थोडंसं बरोबर असतं.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबतो. येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात एक मजेदार वचन आहे. तो म्हणतो, तुमच्यापैकी कोणी दुःख भोगलं तर ते खुनी, चोर किंवा दुष्कर्मी म्हणून नसावं. आणि त्याच यादीत तो दुसऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्यालाही बसवतो. खुनी, चोर आणि नाक खुपसणारा, सगळे एका ओळीत! पेत्रानं मंडळ्या जवळून पाहिल्या होत्या हे त्या एका शब्दावरून कळतं. ख्रिस्तासाठी सोसतोय असं वाटत असतं, आणि प्रत्यक्षात आपण आपल्या आगाऊपणाचं फळ खात असतो. म्हणून सहकारी 'पवित्र समजते' म्हणतात, तेव्हा त्यांना काय दिसलं ते एकदा शांतपणे आठवा. गप्पांतून उठून जाताना चेहरा कसा होता? कुणी न विचारता कुणाला वचन ऐकवलं का? काही सापडलं तर तेवढ्यापुरती माफी मागा. काही सापडलं नाही तर सोडून द्या, उगाच खणत बसू नका. पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की, तुम्ही माझा न्याय करावा याचं मला फारसं काही वाटत नाही. पुढं म्हणतो, मी स्वतःचाही न्याय करत नाही. माझं मन मला दोष देत नाही, पण त्यामुळे मी निर्दोष ठरतो असंही नाही. न्याय करणारा प्रभू आहे. लोकांचं मत अखेरचं नाही हे आपण पटकन उचलतो. आपलं स्वतःबद्दलचं मतही अखेरचं नाही, हे उचलायला वेळ लागतो.

आता बहीण. माझ्या मते इथं खरी माहितीची उणीव आहे, आणि ती थोडी तुमच्याकडून झालीय. 'वाद नको म्हणून घरच्या कार्यक्रमांना जाणंच कमी केलं' असं तुम्ही लिहिलंय. तिला कारण सांगितलं होतं का? तसं कुठं दिसलं नाही.

बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाचा २२ वा अध्याय उघडा. गैरसमजाबद्दल बोलायचं असलं की मी लोकांना आधी हाच वाचायला सांगतो. इस्राएलाच्या वंशांपैकी रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश लढाया संपवून यार्देन नदीपलीकडे आपल्या वाट्याच्या मुलखात परत निघाले आणि वाटेत नदीकाठी त्यांनी एक भली मोठी वेदी बांधली. बाकीच्या वंशांना वाटलं, यांनी दुसरी उपासना सुरू केली, हे देवाविरुद्ध बंड आहे. सगळे शिलो या गावी जमले, थेट लढाईच्या तयारीनं. पण हल्ला करण्याआधी त्यांनी फिनहास याजकाला आणि दहा सरदारांना चौकशीला पाठवलं. तेव्हा उलगडा झाला. ती वेदी होमबली वाहण्यासाठी नव्हतीच. मधे नदी आहे, उद्या तुमची मुलं आमच्या मुलांना म्हणतील की 'परमेश्वराशी तुमचा काय संबंध', या भीतीनं बांधलेली ती साक्ष होती. म्हणजे ज्या वेदीवरून 'हे तुटले' असा आरोप झाला, ती बांधली होती तुटू नये म्हणून!

या गोष्टीत तीन गोष्टी मला दरवेळी थांबवतात. पलीकडच्या वंशांचा हेतू चांगला होता, पण बांधण्याआधी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एवढं साधं केलं असतं तर सैन्य जमलंच नसतं. दुसरं म्हणजे, आरोप ऐकल्यावर 'आमच्यावर संशय घेता?' असं ते म्हणत नाहीत. देवाला ठाऊक आहे, आम्ही बंड केलं असेल तर आम्हाला सोडू नका, इथून ते सुरुवात करतात. आणि तिसरं, ते आपली भीती सांगतात. मी स्वतः कितीतरी घरांत असे वाद मिटवायला बसलोय. माणसं तत्त्व सांगतात, वचनं सांगतात, पण 'मला तुम्हाला गमावण्याची भीती वाटते' हे काही केल्या सांगत नाहीत. पुष्कळदा ऐकणाऱ्याला तेवढंच ऐकायचं असतं.

तेव्हा बहिणीला ख्रिस्ती सिद्धांत समजावू नका. तिचा प्रश्न सिद्धांताचा नाही. तुम्ही तिच्या आहात की नाही, एवढंच ती विचारतेय.

इथं मंडळीतल्या एखाद्यानं तुम्हाला 'घरच्यांपासून दूर राहा' असा सल्ला दिला असेल, तर सावध राहा. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू 'कुर्बान' म्हणण्याच्या रीतीवर कडक बोलतो : जे आईबापांच्या कामी यायचं ते देवाला वाहिलं असं म्हणायचं आणि जबाबदारीतून मोकळं व्हायचं. देवाच्या नावानं नाती टाकणं त्याला अजिबात चाललं नाही. दुसऱ्या बाजूनं, तिसऱ्या अध्यायात त्याचेच लोक 'याला वेड लागलंय' म्हणत त्याला धरून न्यायला आले, तेव्हा तो काम सोडून त्यांच्यामागं गेला नाही. आणि तोच येशू वधस्तंभावर असताना आपल्या आईची सोय एका शिष्याकडे लावून देतो. विश्वासात स्थिर राहणं म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हे दोन प्रसंग शेजारी ठेवतो. बोलावलं म्हणून तो मागं फिरला नाही, आणि फिरला नाही म्हणून त्यानं आई टाकलीही नाही.

आता बोलणं आणि गप्प राहणं. 'येशू गप्प राहिला' असं लोक सांगतात, पण ते अर्धं आहे. अटकेनंतर हेरोद राजानं पुष्कळ प्रश्न विचारले तेव्हा तो काहीच बोलला नाही. हेरोदाला चमत्कार बघायची हौस होती, सत्याचं त्याला काही पडलेलं नव्हतं. पण त्याच्या आदल्या रात्री महायाजकासमोर एका शिपायानं थोबाडीत मारली, तेव्हा येशूनं सरळ विचारलं : मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मारतोस का? रोमी सुभेदार पिलाताशी तो काही बोलला, काही बोलला नाही. गप्प राहणं हा त्याचा नियम नव्हता, समोर कोण आहे आणि काय विचारतोय हे तो बघत होता. पेत्रही तेच सांगतो : तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेनं द्या. यातला 'विचारणाऱ्याला' हा शब्द आपल्या वाचनातून निसटतो. ज्यानं विचारलंच नाही त्याला उत्तर देण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. कामाच्या ठिकाणच्या बायकांनी काही विचारलेलं नाही, त्या फक्त बोलतायत. त्यांना उत्तर म्हणजे वेळेवर केलेलं काम आणि अडचणीत केलेली मदत. त्याला महिने लागतात, आणि तेवढे लागू द्या.

माझा एक अनुभव सांगतो, कारण इथं मी स्वतः पडलोय. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याबद्दल एक गैरसमज पसरला की, मदतनिधी मी माझ्या ओळखीच्यांना देतो. मी चिडून चार पानी पत्र लिहिलं, तारखांसकट, आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या सगळ्या वडीलमंडळाला दिलं. प्रत्येक शब्द खरा होता. पण वाचणाऱ्याला त्यात निधीचा हिशोब दिसला नाही, माझा राग दिसला. ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही कळलं की काहीतरी भानगड आहे. त्या मंडळातल्या एका वृद्ध सदस्यानं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "हे तू त्यांना कळावं म्हणून लिहिलंस, की तुला झोप लागावी म्हणून?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली : खुलासा एकदाच, थोडक्यात, संबंधित माणसालाच. करण्याआधी स्वतःला विचारायचं की, याला हे पटलं नाही तरी मला चालेल का? चालणार नसेल, तर बोलायची वेळ अजून आलेली नाही.

खुलासा केला की गैरसमज जातोच असंही नाही. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांना लोक 'नास्तिक' म्हणत, कारण त्यांच्याकडे मूर्ती नव्हत्या. उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेताना उच्चारलेले 'शरीर' आणि 'रक्त' हे शब्द बाहेर अर्धवट ऐकू गेले आणि ते नरमांस खातात अशी बातमी उठली. साधारण इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या विश्वासणाऱ्यानं सम्राटाला उद्देशून निवेदन लिहिलं. आम्ही रविवारी जमतो, वचनं वाचतो, प्रार्थना करतो, भाकर आणि द्राक्षारस घेतो, वर्गणी गोळा करतो आणि ती अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांना देतो, असं त्यानं लपवाछपवी न करता सांगितलं. आजही ते वाचताना त्याचा शांत सूर जाणवतो. पुढं दहाएक वर्षांनी त्याला विश्वासासाठीच मारलं गेलं. त्याचं लिहिणं फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. त्याचं काम खरं ते नीट सांगणं होतं, आणि ते त्यानं केलं. समोरच्यानं काय करायचं हे त्याच्या हातात नव्हतं.

तुमच्या पत्रातला सगळ्यात दुखरा भाग मंडळीचा आहे, हे मला दिसतंय. बाहेरच्यांचं बोलणं अपेक्षित असतं, आतल्यांचं लागतं. यात तुम्ही एकट्या नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आपल्या समाजात त्यांच्यावर टीका झाली. आणि ज्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयाला त्या होत्या, त्यांनाही या बाईंचे सिद्धांतांवरचे प्रश्न आणि स्वतंत्र बुद्धी जड गेली. दोन्हीकडून चुकीचं वाचलं जाणं म्हणजे काय, हे त्यांना विचारावं. प्रश्न सोडून द्यावेत असं काही त्यांना वाटलं नाही, आणि विश्वासही त्यांनी सोडला नाही.

दुसरी बाजूही सांगतो, कारण मी स्वतः एली झालोय. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्ना मंदिरात ओठ हलवत मनातल्या मनात प्रार्थना करते आणि एली याजक तिला म्हणतो, दारू उतरव. अख्ख्या जागेत देवाशी सगळ्यात खरं बोलणारी तीच होती, आणि धर्मगुरूलाच ती नशेत दिसली. आमच्या मंडळीत एक बाई कायम मागच्या बाकावर बसायच्या आणि शेवटच्या गीताआधी निघून जायच्या. मी त्यांना 'रविवारचे पाहुणे' असं मनात नाव ठेवलं होतं. वर्षभरानं कळलं की, अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ शेजारीण तेवढाच वेळ थांबायची. मंडळीतली कुजबुज करणारी माणसं बऱ्याचदा दुष्ट नसतात, माझ्यासारखी आळशी असतात. विचारण्यापेक्षा अंदाज करणं सोपं पडतं. हन्नानं एलीला 'नाही, माझ्या स्वामी' एवढं म्हणून आपलं दुःख दोन वाक्यांत सांगितलं. ती चिडून निघून गेली नाही आणि मान खाली घालून दोषही पत्करला नाही. एली लगेच वळला. तुम्हीही कुजबुजीला उत्तर न देता थेट पाळकांना भेटा. म्हणा, 'माझे प्रश्न आहेत, ते विश्वासात राहण्यासाठी आहेत, तुमच्याबरोबर बसून बोलायचंय.' पाळक वळले तर छान. तीनदा भेटूनही प्रश्न विचारणं हाच गुन्हा ठरत असेल, तर दुसरी मंडळी शोधणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. पण कुठंच न जाणं, एकटीनं घरी बसणं, हे करू नका. एकटेपणात गैरसमज दुप्पट मोठे दिसतात.

रोजच्या टिकण्याबद्दल थोडं. मनात बहिणीशी वाद चालतो म्हणता, तर तो वाद प्रार्थनेतच घेऊन जा. स्तोत्रांत अशा तक्रारी भरभरून आहेत. ६९ वं स्तोत्र वाचा; भावंडांना परका झालो, असं तो कवी स्पष्ट म्हणतो. देवासमोर तक्रार करणं हा अविश्वास नाही, उलट ती योग्य दारी नेलेली तक्रार आहे. दुसरं, कुणालाही न सांगता करायचं एक चांगलं काम नेहमी हाताशी ठेवा. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूनं दान, प्रार्थना आणि उपास तिन्ही गुप्तपणे करायला सांगितलं. जे लोकांना दिसतच नाही, त्याच्याबद्दल गैरसमजही होत नाही. तेवढा कोपरा तरी फक्त देवाच्या नजरेसमोर राहतो, आणि मला स्वतःला वाईट वर्षांत त्या कोपऱ्यानंच धरून ठेवलं. आणि एक माणूस असा हवा ज्याला तुमची पूर्ण हकीकत ठाऊक आहे, तुमच्या चुकांसकट. फक्त तुमची बाजू घेणारा नको. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना पौल सांगतो, न्यायालयात माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूनं कुणी उभं राहिलं नाही, पण प्रभू उभा राहिला. त्याच पत्रात तो तीमथ्याला म्हणतो, लवकर ये, आणि येताना माझा झगा आण. प्रभू जवळ होता, तरी त्याला माणूस हवा होता आणि झगाही.

बहीण कधी समजेल का? सांगता येत नाही. येशूच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, असं योहान सातव्या अध्यायात स्पष्ट लिहितो, आणि ते तर त्याच्याच घरात वाढले होते. पुनरुत्थानानंतर मात्र तेच भाऊ माडीवरच्या खोलीत शिष्यांबरोबर प्रार्थना करताना दिसतात. हे वाचून काही जण 'तुमचेही येतील' असं वचन देतात. मी देत नाही. मी पाहिलेल्या काही घरांत माणसं आली, काहींत नाही, आणि एका घरात तर आली नाहीत तरी दोघी बहिणींचं प्रेम पूर्ववत झालं.

तर त्या मेसेजचं. आज रात्री उत्तर पाठवू नका. उद्या त्यातला प्रत्येक मुद्दा खोडत बसू नका. शक्य असेल तर लिहूच नका, फोन करा किंवा भेटा, कारण लिहिलेल्या शब्दात वाचणारा आपलाच सूर भरतो. 'कारण न सांगता यायचं कमी केलं, ते चुकलं' एवढं आधी कबूल करा. विश्वास सोडणार नाही हेही त्याच बैठकीत सांगा, आडपडदा न ठेवता, नाहीतर कबुलीचा अर्थ माघार असा घेतला जाईल. मग पुढच्या कार्यक्रमात तुम्हाला कशात सहभागी होता येईल आणि कशात नाही, ते आधीच सांगा, आणि ज्यात येईल त्यात सगळ्यांच्या आधी जाऊन कामाला लागा. ती काय म्हणते ते मधे न बोलता पूर्ण ऐका. रडली तर रडू द्या.

आणि त्या रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा मनात पुन्हा वाद सुरू झाला, तर तो पूर्ण होऊ द्या, फक्त ऐकणारा बदला.